‘त्यांच्यात तसंच असतं’ म्हटलं की विषय संपतो का?

रात्रपाळी

प्रश्न आधी मांडते, मग तो कुठून आला ते सांगते. एखाद्या समाजात जे योग्य मानतात ते त्या समाजापुरतं योग्यच, बाहेरच्याने त्यात तोंड घालू नये, असं आपण सहज म्हणतो. ऐकायला समंजस वाटतं. पण ही भूमिका शेवटपर्यंत नेली तर टिकते का? आणि टिकत नसेल, तर माणूस म्हणून सगळ्यांना लागू होईल असं एक तरी मूल्य आहे का?

मी कॅन्सरच्या वॉर्डात नर्स आहे. आमच्याकडे वेगवेगळ्या देशांतून आलेली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी कुटुंबं येतात. त्यातल्या बऱ्याच नातेवाइकांचं एक वाक्य ठरलेलं असतं: ‘सिस्टर, पेशंटला काही सांगू नका.’ रिपोर्ट मुलाच्या हातात, औषधांची नावं मुलाला पाठ, आणि जिच्या पोटात गाठ आहे ती बाई ‘आतड्याला सूज आहे’ एवढंच ऐकून असते. पाळी बदलताना, हँडओव्हरच्या वेळी याची चर्चा निघाली की कोणीतरी म्हणतंच, ‘अगं, त्यांच्यात तसंच असतं. सगळं खरं सांगायचं हे आपलं. ते त्यांच्यावर कशाला लादायचं?’ पुढे कोणी बोलत नाही.

मला मात्र तिथे थांबता येत नाही, कारण रात्री वॉर्डात वेगळंच ऐकू येतं. नातेवाईक घरी गेलेले असतात. एका बाईंनी (ओळख पटेल असं काही लिहीत नाही) मी सलाईन बदलत असताना माझा हात धरून विचारलं, ‘रिपोर्ट आला ना? मुलासमोर नको. मला एकटीला सांग.’ निदान सांगणं माझ्या अखत्यारीत नाही. पेशंटला स्वतःला माहिती हवी आहे, आणि एकांतात हवी आहे, असं मी नोंदीत लिहिलं आणि सकाळी डॉक्टरांच्या कानावर घातलं. दुभाष्याला घेऊन डॉक्टर त्यांच्याशी बोलले. सगळं ऐकून घेतल्यावर बाईंनी एकच अट घातली: मला कळलंय हे माझ्या मुलाला कळू देऊ नका. तो मला जपतोय, त्याला जपू दे.

आता सांगा, यात ‘त्यांची संस्कृती’ नेमकी कोणाची? मुलाची की आईची? मुलगा वागत होता ते त्यांच्या रीतीला धरून होतं. आईने आडून विचारलं, तेही मला त्यांच्या रीतीबाहेरचं वाटलं नाही, आणि मग तिने मुलाचं मन राखलं, तेही नाही. रीत काय आहे हे आम्हाला मुलाने सांगितलं होतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मग मी वाचत गेले. १९६१ साली शिकागोतल्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारलं होतं की कॅन्सरचं निदान तुम्ही रुग्णाला सांगता का. सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या पाहणीत ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. ज्याला आम्ही ‘पाश्चात्त्यांचं मूल्य’ म्हणतो ते खुद्द तिथेच एका पिढीत असं उलटलेलं आहे! १९९५ साली लॉस एंजेलिसमधल्या ८०० वृद्धांची पाहणी प्रसिद्ध झाली. शरीरभर पसरलेल्या कॅन्सरचं निदान रुग्णाला सांगावं का, या प्रश्नाला गोऱ्या अमेरिकनांपैकी ८७ टक्के, कृष्णवर्णीयांपैकी ८८ टक्के, मेक्सिकन वंशाच्यांपैकी ६५ टक्के आणि कोरियन वंशाच्यांपैकी ४७ टक्के लोक ‘हो’ म्हणाले.

हे आकडे बहुतेक जण ‘बघा, संस्कृती किती वेगळ्या असतात’ हे दाखवायला देतात. मला त्यात दुसरं दिसलं. कोरियन कुटुंब आलं की ‘त्यांच्यात सांगत नाहीत’ म्हणून मी गप्प बसले, तर शंभरातल्या सत्तेचाळीस जणांच्या मताविरुद्ध वागेन, आणि तेही त्यांच्याच संस्कृतीचा मान राखते आहे अशा समजुतीत.

मला दोन्हीकडची भीती वाटते. आपलं ते सगळ्या जगाचं असं म्हणून एखाद्या कुटुंबाच्या मायेत मी ढवळाढवळ करेन ही एक. आणि संस्कृतीचं नाव घेऊन, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मी एकटं सोडेन ही दुसरी. तत्त्वज्ञान किंवा मानववंशशास्त्र शिकलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं. ‘ज्याचं त्याला’ असा प्रतिसाद नको, तो मी रोज ऐकते.

नेति

रात्रपाळी ताई, तुमच्या सहकाऱ्यांच्या बोलण्यात तीन वेगवेगळी विधानं एकात एक गुंतलेली आहेत. ती आधी सोडवायला हवीत. माणसांचे नैतिक समज जागोजागी वेगळे असतात, हे झालं निरीक्षण. त्या समजांच्या वर बसून निवाडा देईल असा कोणताही मापदंड नाही, हा झाला सिद्धान्त. आणि म्हणून दुसऱ्यांच्यात हस्तक्षेप करू नये, हा झाला उपदेश. पहिलं खरं असल्याने दुसरं आपोआप खरं ठरत नाही. पृथ्वीच्या आकाराबद्दलही कधीकाळी मतभेद होतेच की. पण खरी गोची तिसऱ्यात आहे, आणि ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सने १९७२ मध्ये त्यावर अचूक बोट ठेवलं. ‘योग्य’ याचा अर्थ ‘त्या त्या समाजाच्या मते योग्य’ एवढाच असेल, तर ‘हस्तक्षेप करणं अयोग्य’ हेही कुठल्यातरी एका समाजाचं मत होऊन बसतं. शेजाऱ्यांना जिंकून गुलाम करणं ज्या समाजाला योग्य वाटतं, त्याला मग काय सांगणार? ‘तुमच्यापुरतं बरोबर’ असंच म्हणावं लागेल. योग्य-अयोग्य समाजागणिक ठरतं, या सापेक्षवादातून सहिष्णुता निघत नाही. ती सगळ्यांनी पाळावी असं आपण म्हणतो तेव्हा एक सार्वत्रिक मूल्य आपण आधीच पदरात घेतलेलं असतं.

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. समाजाची रीत हाच मापदंड मानला तर त्या समाजातला बंडखोर व्याख्येनेच चुकीचा ठरतो. त्याचं म्हणणं ऐकायच्या आतच निकाल लागलेला असतो. तुमच्या त्या बाईंनी हात धरून विचारलं, तेव्हा या हिशेबाने त्या चूक करत होत्या. हे तुम्हाला पटत नाही, मलाही नाही. आणि हे न पटणं म्हणजे निव्वळ भावना नव्हे, सिद्धान्त तपासायचा तो एक खराखुरा मार्ग आहे.

आता प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसची गोष्ट, जी या विषयात हमखास येते. इराणचा सम्राट दारियस दरबारातल्या ग्रीकांना विचारतो, मेलेल्या बापाचं मांस खायला किती पैसे घ्याल? ते म्हणतात, कितीही दिले तरी नाही. मग तो कल्लातिए नावाच्या लोकांना बोलावतो, ज्यांच्यात आईबापांचे देह खातात, आणि ग्रीकांच्या देखत विचारतो, बापाला जाळायला किती घ्याल? ते ओरडतात, असलं अभद्र तोंडातून काढू नका. हिरोडोटसचा निष्कर्ष असा की रूढी ही सगळ्यांची राणी आहे. आजकालचे बरेच जण उलटा निष्कर्ष काढतात: मृत पित्याचा मान राखणं हे दोघांचंही मूल्य, फक्त विधी वेगळे. हे ऐकायला गोड वाटतं, पण माझं त्याने समाधान होत नाही. ‘मृतांचा मान राखा’ हे इतकं पातळ मूल्य आहे की त्यातून कुठलाच तंटा सुटत नाही. सगळे मान्य करतील इतकं सौम्य केलं की काहीही सार्वत्रिक होतं.

सापेक्षवादाची एक बळकट मांडणीही आहे, ती टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. १९७५ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ गिल्बर्ट हरमनने म्हटलं की एखादी गोष्ट ‘मोठी’ आहे हे जसं कशाच्या तरी तुलनेतच म्हणता येतं, तसा नैतिक निवाडा कुठल्यातरी परस्पर समजुतीच्या संदर्भातच करता येतो. यात ‘सहन करा’ असा उपदेश नाही, त्यामुळे वरचा आक्षेप याला लागत नाही. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मात्र एवढं नक्की की तुमच्या हँडओव्हरमध्ये जे बोललं जातं ते हे नव्हे.

मानववंशी

नेति यांच्याशी मी बराचसा सहमत आहे, पण आमच्या विषयाबद्दल थोडं बोलू द्या, कारण सापेक्षवाद म्हणजे आळशी लोकांची पळवाट असा समज या चर्चेत लगेच पसरतो.

मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी ही भूमिका घेतली तेव्हा समोर काय होतं ते आठवा. मानवजातीची एक शिडी कल्पिलेली होती: तळाला ‘रानटी’, वर युरोपीय, आणि कवट्यांची मापं घेऊन ते सिद्ध करणारे प्राध्यापक. कोणत्याही समाजाचा आचार आधी त्याच्याच चौकटीत समजून घ्या, मगच बोला, असं बोआस म्हणत होता. ही अभ्यासाची शिस्त आहे आणि मी ती कधीच सोडणार नाही. ताईंच्या वॉर्डात मुलगा आईला का सांगू देत नाही हे समजून न घेता ‘अडाणी लोक’ म्हणून शेरा मारणारा माणूस मला सापेक्षवाद्यापेक्षा कितीतरी अधिक धोकादायक वाटतो.

गडबड झाली ती या शिस्तीचा सिद्धान्त केला तेव्हा. १९४७ मध्ये, संयुक्त राष्ट्रांत मानवाधिकारांच्या जाहीरनाम्याचं काम चालू असताना, अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिकल असोसिएशनच्या वतीने एक निवेदन गेलं. ते मुख्यतः बोआसचा विद्यार्थी मेल्व्हिल हर्सकोविट्सने लिहिलं होतं. त्याचा रोख असा होता की मूल्यं त्या त्या संस्कृतीत घडतात, मग हा जाहीरनामा फक्त पश्चिम युरोप-अमेरिकेच्या मूल्यांचा होणार नाही कशावरून? प्रश्न रास्त होता. पण नाझी राजवट पडून जेमतेम दोन वर्षं झाली होती, तिचं काय करायचं? म्हणून त्याच निवेदनात एक खिडकी ठेवली होती: जिथे राजवट नागरिकांना सहभाग नाकारते तिथे त्या लोकांच्याच खोलवरच्या सांस्कृतिक मूल्यांना साद घालता येईल. ज्युलियन स्टुअर्ड या दुसऱ्या मानववंशशास्त्रज्ञाने पुढच्याच वर्षी ही फट दाखवून दिली. एकतर सगळं सहन करा, नाहीतर कुठेतरी रेघ मारता हे कबूल करा. १९९९ मध्ये त्याच संघटनेने मानवाधिकारांच्या बाजूने नवा जाहीरनामा काढला.

याहून कडू उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. तिथला आयझेलन हा मानववंशशास्त्रज्ञच. त्याच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाच्या अहवालावर १९५३ चा बांटू शिक्षण कायदा उभा राहिला. कृष्णवर्णीय मुलांना त्यांच्या ‘स्वतःच्या’ संस्कृतीला साजेसं वेगळं शिक्षण हवं, अशी त्यामागची भाषा. म्हणजे प्रत्येक संस्कृती वेगळी, तिचा मान राखा, हेच वाक्य माणसांना कोंडून ठेवायला वापरलं गेलं. त्या मुलांच्या आईबापांना कोणी विचारलं होतं का? ताईंनी वर लिहिलंय ना, ‘तिला कोणी विचारलंच नव्हतं’? प्रमाण वेगळं आहे, पण दोष मला तोच दिसतो.

मी संशोधनासाठी दीर्घकाळ एका छोट्या वस्तीत राहिलो आहे. नाव सांगत नाही, तिथल्या लोकांनी मला विश्वासाने घरात घेतलं होतं. तिथून मी एक गोष्ट शिकलो: अगदी मूठभर घरांच्या वस्तीतही एक मत नसतं. बाहेरचा आला की बोलायला पुढे येणारे ठरलेले असतात, ते ‘आमच्यात असं’ म्हणून सांगतात आणि मागे बसलेल्या बायका एकमेकींकडे बघतात. माझ्या टिपणवहीतला अर्धाअधिक ऐवज त्या मागे बसलेल्यांशी नंतर झालेल्या बोलण्यातून आलाय. म्हणून कोणी ‘त्यांची संस्कृती’ म्हटलं की मी लगेच विचारतो, त्यांच्यातल्या कोणाची? आणि त्यांच्यातल्या कोणाला ‘नाही’ म्हणायची सोय आहे?

मूल्य आणि रूढी यांत फरक का करायचा हे सेनेगलच्या उदाहरणावरून कळतं. १९९७ साली मालिकुंडा बांबारा या गावातल्या बायकांनी मुलींच्या जननेंद्रियांवर पातं चालवण्याची प्रथा सोडल्याचं जाहीर केलं. त्याआधी त्या टोस्टान या संस्थेच्या वर्गात आरोग्य आणि हक्कांविषयी शिकत होत्या. बाहेरच्यांनी हुकूम सोडला नव्हता, पण बाहेरून काहीच आलं नाही असंही नाही. मुख्य म्हणजे त्या आया दुष्ट नव्हत्या. ही प्रथा पाळली नाही तर मुलीचं लग्न जमणार नाही, ती एकटी पडेल, ही भीती खरी होती. एका घराने थांबून भागत नाही, लग्नसंबंध होणाऱ्या सगळ्यांनी एकदम थांबावं लागतं. म्हणून जाहीर शपथ, म्हणून शेजारची गावं. चीनमध्ये मुलींचे पाय बांधण्याची शतकानुशतकांची प्रथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भराभर ओसरली, तिथेही आपल्या मुलींचे पाय बांधणार नाही आणि पाय बांधलेली सून करणार नाही अशा शपथा घेणारी मंडळं होती. मुलीचं भलं व्हावं हे मूल्य आधीही होतं, नंतरही राहिलं. त्या मूल्याला एका भयंकर रूढीने ओलीस धरलं होतं.

खारा वारा

सगळं वाचलं. सापेक्षवादाची बाजू घ्यायची म्हणून लिहीत नाही, पण तुम्ही सगळे सार्वत्रिकतेकडे फार झपाट्याने निघालात.

‘सगळ्या माणसांसाठी’ या शब्दांनी जगात काय काय केलंय ते बघा. १५५० ते ५१ मध्ये स्पेनमध्ये वायादोलिदला वाद झाला. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर युद्ध लादणं न्याय्य आहे का? सेपुल्वेदा हा स्पॅनिश विद्वान म्हणत होता, आहे. ते नरबळी देतात, निसर्गाचा नियम मोडतात, निरपराधांना वाचवणं आपलं कर्तव्य. नीट वाचा, हा सार्वत्रिक मूल्यांचाच युक्तिवाद आहे! निरपराध्याला वाचवा याहून सार्वत्रिक काय असणार? आणि त्याच्या आडून खाणींत मेलेल्या माणसांची गणती नाही.

१९४८ चा मानवाधिकारांचा जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला, आठ देश तटस्थ राहिले. तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे सदस्य होते ५८. जवळजवळ सगळी आफ्रिका आणि आशियाचा मोठा भाग कोणाच्या ना कोणाच्या ताब्यात होता. त्यांच्या वतीने त्यांचे मालक हात वर करत होते. याला सार्वत्रिक म्हणायचं? दुसऱ्यांच्या घरातल्या बायकांना वाचवायला निघालेल्यांचा इतिहास फार वाईट आहे, म्हणून माझा हात आखडतो. आणखी एक शंका: कुठलीही गोष्ट सगळीकडे आढळली म्हणून ती योग्य कशी ठरते? गुलामगिरी किती ठिकाणी होती.

नेति

शेवटची शंका अगदी बरोबर. ६० समाजांच्या नोंदी तपासलेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला. नातलगांना मदत, आपल्या गटाशी निष्ठा, उपकाराची फेड, शौर्य, वरिष्ठांचा मान, न्याय्य वाटणी, दुसऱ्याच्या मालमत्तेचा आदर, या सात गोष्टी जिथे जिथे त्यांचा उल्लेख आला तिथे जवळपास सगळीकडे चांगल्याच मानलेल्या आढळल्या. माणसं एकमेकांना अगदीच अनोळखी नाहीत हे यातून दिसतं. पण ‘वरिष्ठांचा मान’ सर्वत्र आहे म्हणून वरिष्ठ सांगतील ते योग्य ठरत नाही. आढळणं वेगळं, लागू असणं वेगळं. गुलामगिरीची गोष्ट तर उलट दिशेने बोलते. ती सर्वत्र होती आणि तरी चूक होती, हे ज्या क्षणी आपण म्हणतो त्या क्षणी रीतीहून वेगळा मापदंड वापरतो.

जुनी फाईल

खारा वारा यांच्या रागाचं कारण मला समजतं, पण १९४८ वर थांबलात तर गोष्ट अर्धीच राहते. मी आयुष्यभर आंतरराष्ट्रीय कायद्याची कागदपत्रं चाळलेला माणूस आहे, म्हणून पुढची पानं उलटतो.

जाहीरनाम्यानंतर करारांचे मसुदे चालू झाले, जे कायद्याने बंधनकारक होणार होते. १९५० मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि बेल्जियम यांना त्यात एक कलम हवं होतं: हे हक्क आमच्या वसाहतींना आपोआप लागू होऊ नयेत. त्यासाठी दिलेली कारणं काय होती? तिथले लोक विकासाच्या वेगळ्या टप्प्यावर आहेत, त्यांच्या चालीरीती वेगळ्या आहेत, घाईने हे लादणं बरं नाही. म्हणजे ‘त्यांच्यात तसंच असतं’ हे वाक्य साम्राज्यं बोलत होती! आणि त्याला विरोध कोण करत होतं? नव्याने स्वतंत्र झालेले आशियाई आणि अरब देश. हक्क सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना, असा त्यांचा आग्रह होता.

१४ डिसेंबर १९६० ला वसाहतींच्या स्वातंत्र्याचा ठराव १५१४ मंजूर झाला. ८९ बाजूने, विरोधात कोणी नाही, नऊ तटस्थ. त्या नवांत ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, पोर्तुगाल, स्पेन, अमेरिका. आणि त्या ठरावात १९४८ च्या जाहीरनाम्याचा हवाला आहे. ज्यांना लिहिताना बोलावलं नव्हतं त्यांनीच तो कागद उचलला आणि लिहिणाऱ्यांना वाचून दाखवला. वायादोलिदलाही सेपुल्वेदाच्या समोर लास कासास हा धर्मगुरू उभा होता, आणि तोही सगळी मानवजात एकच आहे असंच म्हणत होता. मूळ रहिवाशांना वाचवण्यासाठी आफ्रिकी गुलाम आणा, असं या लास कासासने आधी सुचवलं होतं आणि पुढे त्याचा त्याला पश्चात्ताप झाला. चुकलेला माणूस ज्या तत्त्वाने चुकला त्याच तत्त्वाने सुधारला. म्हणून तत्त्व फेकून देऊ नका एवढंच माझं म्हणणं. ते कोणाच्या हातात आहे हे मात्र सतत बघत राहा, आणि तिथे तुमची शंका कामाची आहे.

नव्वदच्या दशकात ‘आशियाई मूल्यं’ म्हणून मोठा वाद झाला. पाश्चात्त्य धर्तीची लोकशाही आशियाला मानवत नाही, या सिंगापूरचे ली क्वान यू यांच्या मांडणीला १९९४ मध्ये उत्तर दिलं ते दक्षिण कोरियाच्या किम दे-जुंग यांनी. हा माणूस त्याच आशियातला, स्वतःच्या देशात कैद भोगलेला आणि मृत्युदंडाची शिक्षा सुनावलेला. लोकशाहीची मुळं आशियाच्या परंपरेतही आहेत, असं तो ठासून सांगत होता. पुढे तोच राष्ट्राध्यक्ष झाला. आशियाची मूल्यं म्हणजे तुरुंग चालवणाऱ्याची, की तुरुंगात बसलेल्याची?

राउंड

मी डॉक्टर आहे, याच प्रकारचं काम करतो. चर्चा जिथून सुरू झाली तिथे परत येऊ, कारण तिथे एक अडचण अजून कोणी मांडलेली नाही.

वाईट बातमी सांगण्याची एक सहा पायऱ्यांची पद्धत २००० साली प्रसिद्ध झाली, आम्हाला तीच शिकवतात. त्यातली तिसरी पायरी म्हणजे रुग्णाला विचारणं: तुम्हाला किती माहिती हवी आहे? तपशील हवेत की नकोत? आणखी कोणाला सांगू? वरवर पाहता ताईंच्या पेचाला हे उत्तर आहे. सांगणं सार्वत्रिक नाही, न सांगणंही नाही, विचारणं मात्र सार्वत्रिक.

पण विचारणं तटस्थ नसतं हो. रिपोर्ट हातात घेऊन मी कॉटजवळ बसलो, दार लोटलं आणि ‘तुम्हाला सगळं कळायला हवंय का?’ असं विचारलं, की माणसाला कळतं. सूज असती तर कोणी असं विचारलं असतं का? म्हणजे ज्याला खरोखर जाणून घ्यायचं नव्हतं त्याला मी विचारण्यातूनच सांगून बसलो. शिवाय ‘तुम्ही ठरवा’ यात ठरवणारा माणूस एकटा असतो असं मी आधीच धरून चालतो. काही कुटुंबांत एकट्याने ठरवणं हाच एकटेपणा वाटतो. तिथे माझा प्रश्न म्हणजे माया नव्हे, टाकून दिल्यासारखं. मग विचारणं तरी सार्वत्रिक कसं? त्याच्या पोटात माझीच संस्कृती आहे.

मी तरीही विचारतो. पण ही टोचणी मनात ठेवून.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. मानववंशींचा ‘नाही म्हणायची सोय कोणाला आहे’ हा प्रश्न मी आमच्या हँडओव्हरमध्ये मांडणार आहे.

राउंड डॉक्टर, तुमचं म्हणणं मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून त्यावरच लिहिते. विचारण्यातून बातमी फुटते ती वेळ चुकल्यामुळे. रिपोर्ट आल्यावर विचारलं तर प्रश्नच उत्तर होतो हे खरं. पण भरतीच्या दिवशी, तपासणीच्या आधी, मलाही काही माहीत नसताना, ॲलर्जी विचारते त्याच ओघात प्रत्येकाला विचारलं तर? ‘तपासणीत जे निघेल ते तुम्हाला सांगू, तुमच्यासोबत घरच्यांना सांगू, की फक्त घरच्यांशी बोलू?’ गाठ असणाऱ्याला आणि नसणाऱ्याला, कुठल्याही भाषेच्या माणसाला, सारखंच. एखादी म्हणाली, मुलाला विचारा, तर ते तिचंच उत्तर झालं. मुलाने ठरवावं हे तिने ठरवलं. त्यात मला एकटेपणा दिसत नाही.

यात माझी संस्कृती आहे असं तुम्ही म्हणाल. असेल. पण हे नाकारायचं असेल तर कोणाला तरी असं म्हणावं लागेल की, हिच्या शरीराबद्दल हिला न विचारणं योग्य आहे. आणि ते म्हणणारा मला आजवर नेहमी कॉटच्या बाजूला उभा असलेला भेटलाय. कॉटवर झोपलेल्यांत ‘मला नका सांगू’ म्हणणारे खूप भेटलेत. ‘मला विचारूच नका’ म्हणणारेही थोडे भेटलेत, पण ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. नेति म्हणतात तसं हे मूल्य पातळ आहे का? मला नाही वाटत. याने आमच्या वॉर्डातली निम्मी कामं करायची पद्धत बदलेल.

आता मला अडतंय ते असं. भरतीच्या वेळी नातेवाईक सोबत असतात, बऱ्याचदा दुभाष्याचं कामही तेच करतात. त्यांच्यासमोर ‘मुलाला सांगा’ म्हणणारी बाई खरंच तसं म्हणते आहे, की ते बसलेत म्हणून म्हणते आहे, हे कसं ओळखायचं? एकांत मागावा तर कुटुंबाला तो अविश्वास वाटतो आणि पुढचे सगळे दिवस ते माझ्याशी तुटकपणे वागतात. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा, एकांत कुठल्या निमित्ताने मिळवता? आणि उत्तर बदललं असेल का हे पुन्हा कधी विचारता?